रक्तातील आकडा आणि प्रयोगशाळेचे दार : दारूबंदी विधीतील रासायनिक पुराव्याची एक चिकित्सा

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. पुसद, उमरखेड आणि पैनगंगेपलीकडील माहूर यांच्या मधल्या मुलखात मोडणाऱ्या या गावी एखाद्या संध्याकाळी मालमोटारीचा अपघात घडला, चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला आणि पोलिसांनी त्याला जवळच्या शासकीय दवाखान्यात नेले, अशी कल्पना करावी. तेथे त्याच्या शिरेतून थोडे रक्त काढण्यात येते, ते कुपीत भरून कुपीला मोहोर लावण्यात येते आणि ती कुपी अमरावती किंवा नागपूर येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते. काही काळाने एक कागद परत येतो. त्या कागदावर एक आकडा असतो. चालकाचा अपराध, अपघातात मृत झालेल्याच्या कुटुंबाचा न्याय आणि न्यायाधीशाची मनोमन खात्री ही तिन्ही त्या एका आकड्याभोवती फिरू लागतात.

हा आकडा जेथे जन्म घेतो, त्या प्रयोगशाळेचे नियमन आपल्या विधीने कितपत केले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. दारूबंदी इष्ट की अनिष्ट, या जुन्या वादात येथे शिरावयाचे नाही. ज्याला दारूबंदी मान्य आहे त्यालाही निर्दोष मनुष्य शिक्षेस पात्र ठरू नये असेच वाटेल, आणि ज्याला ती अमान्य आहे त्यालाही मद्यधुंद चालक मोकळा सुटावा असे वाटणार नाही. दोघांनाही विश्वासार्ह आकडा हवा आहे. म्हणून विधीच्या शब्दांचे बारकाईने वाचन करून ते शब्द कोठवर पोहोचतात आणि कोठे थांबतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

गंधाकडून आकड्याकडे

विषपरीक्षेचे शासकीय कार्य आपल्याकडे बरेच जुने आहे. मद्रास येथे 1849 मध्ये, कलकत्ता येथे 1853 मध्ये, आग्रा येथे 1864 मध्ये आणि मुंबई येथे 1870 मध्ये रासायनिक परीक्षकांच्या प्रयोगशाळा निघाल्या. भारतीय वैद्यकीय न्यायशास्त्रावरील ग्रंथामुळे प्रसिद्धी पावलेले डॉ. लायन हे मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक होते आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापनही करीत. त्या काळी या प्रयोगशाळांपुढील मुख्य प्रश्न सोमल, धोतरा आणि अफू यांचा होता. प्रेताच्या आतड्यात विष आहे की नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरेसे होई. 'आहे' अथवा 'नाही' एवढेच उत्तर अपेक्षित असल्याने प्रमाणाचा प्रश्न दुय्यम राही.

दारूबंदीने हा प्रश्न पालटला. मुंबई दारूबंदी अधिनियम 1949 साली झाला. 1951 मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी वैध ठरविला. परंतु मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्या सेवनास व उपयोगास तो ज्या मर्यादेपर्यंत बंदी करीत होता, त्या मर्यादेपर्यंत तो अवैध ठरविला. याचा अटळ परिणाम 1954 च्या पेसिकाका खटल्यात दिसून आला. मोटार अपघातातील आरोपीच्या तोंडाला दारूचा वास येत होता, परंतु आपण मद्यार्कयुक्त औषध घेतले होते असा त्याचा बचाव होता. घेतलेला पदार्थ निषिद्ध मद्यच होता हे सिद्ध करण्याचा भार अभियोगपक्षावर आहे, असे न्यायालयाने ठरविले आणि आरोपी सुटला. गंध हा पुरावा म्हणून दुबळा ठरला. गंध नाकाला कळतो, पण औषधाचा गंध आणि दारूचा गंध यांत भेद करण्याचे सामर्थ्य नाकाला नाही.

या निर्णयानंतर पाच वर्षांनी, 1959 च्या बाराव्या अधिनियमाने, मूळ विधीत दोन महत्त्वाचे बदल झाले. कलम 66 मध्ये असे गृहीतक आले की रक्तातील मद्यार्काचे प्रमाण वजन-आकारमान हिशेबाने 0.05 टक्क्यांहून कमी नसेल, तर आपण औषध अथवा तत्सम अनिषिद्ध पदार्थच घेतला होता हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर पडेल. त्याबरोबर 129-अ व 129-ब ही कलमे आली. पहिल्याने वैद्यकीय तपासणीची व रक्त काढण्याची सक्ती केली. दुसऱ्याने रासायनिक परीक्षकाच्या प्रमाणपत्रास पुराव्याचे स्थान दिले. विदर्भाच्या वाचकाने एक योगायोग अवश्य ध्यानी घ्यावा. याच अधिनियमाने मुंबईचा दारूबंदी कायदा राज्याच्या उर्वरित भागास लागू झाला. 1956 पर्यंत यवतमाळ मध्यप्रदेशात आणि पैनगंगेपलीकडील माहूर हैदराबाद राज्यात होते. म्हणजे फुलसावंगीच्या मुलखात हा कायदा आला तो रक्ताच्या कुपीसह आला.

कुपीविषयीची दक्षता

या कलमांखाली 1959 मध्येच वैद्यकीय तपासणी व रक्तपरीक्षा यांचे नियम करण्यात आले. विधिग्रंथाचे परीक्षण करणाऱ्याने प्रथम गुण सांगावेत, आणि या नियमांत सांगण्याजोगे गुण आहेत. रक्त काढण्याची पिचकारी उकळत्या पाण्याने निर्जंतुक करावी. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये. शिरेतील किमान 5 घन सेंटिमीटर रक्त घ्यावे. ते गोठू न देणारे द्रव्य व परिरक्षक असलेल्या कुपीत घालून ही द्रव्ये विरघळेपर्यंत कुपी जोराने हलवावी. कुपीवर चिठ्ठी व मोहोर लावावी. आणि सात दिवसांच्या आत ती खास जासूदाबरोबर अथवा रजिस्टर्ड टपालाने परीक्षकाकडे धाडावी, असा या नियमांचा आशय आहे.

यातील प्रत्येक वाक्यामागे एकेक शास्त्रीय कारण आहे. त्वचा पुसण्यास स्पिरिट वापरले तर आरोपीने न घेतलेला मद्यार्क नमुन्यात शिरू शकतो. रक्त गोठले तर त्याचा समप्रमाण अंश परीक्षेस मिळत नाही. परिरक्षक म्हणून सोडियम फ्लोराइड घालण्याचे कारण तर अधिक मोलाचे आहे. रक्तात साखर असते. सूक्ष्म जीव व किण्व त्या साखरेपासून मद्यार्क निर्माण करू शकतात, आणि काही परिस्थितीत असलेला मद्यार्क नष्टही करू शकतात. म्हणजे अरक्षित रक्त कुपीतच आपला आकडा बदलू लागते. यवतमाळच्या वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत शीतपेटीवाचून पडून राहिलेली कुपी आरोपीच्या रक्ताबरोबरच ऋतूचीही साक्ष देऊ लागते.

परंतु ही दक्षता कितपत बंधनकारक आहे? खानदेशातील 1961 सालच्या एका मोटार अपघातातून उद्भवलेल्या उखा कोल्हे खटल्यात हा प्रश्न 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. तेथे रक्त काढले गेले होते ते 129-अ कलमाच्या रीतीने तपास चालू असताना नव्हे. बहुमताने असे ठरविले की त्या कलमाची रीत ही त्या कलमाखाली घेतलेल्या नमुन्यापुरती आहे. अन्यथा घेतलेल्या नमुन्याचा पुरावा त्यामुळे वर्ज्य होत नाही, कारण अन्य मार्गाने सिद्धता करण्याची मुभा त्याच कलमात राखलेली आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत दिले. ज्या गृहीतकामुळे सिद्धतेचा भार आरोपीवर उलटतो, ते गृहीतक विहित रीत पाळल्यावाचून लागू करता कामा नये, असा त्यांच्या मताचा रोख होता. प्रस्तुत लेखकास हे भिन्नमत अधिक ग्राह्य वाटते. वैद्याने उपचारासाठी घेतलेल्या रक्ताचा पुरावा सर्वस्वी टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. पण तो पुरावा साधा पुरावा म्हणून तोलणे वेगळे आणि त्यावर सिद्धतेचा भार उलटविणारे गृहीतक उभारणे वेगळे. सवलत मोठी असेल तर तिची अट कठोर असली पाहिजे.

दारापाशी थांबलेला विधी

कुपी प्रयोगशाळेच्या दारापाशी येईपर्यंत विधी तिच्याबरोबर चालत असतो. दारापाशी मात्र तो थबकतो. पिचकारी कशी उकळावी हे सांगणारा नियमकर्ता आतील उपकरण कसे पडताळावे, किती परीक्षा कराव्यात, दोन परीक्षांत किती तफावत क्षम्य मानावी, परीक्षकाची पात्रता अधूनमधून कोणी तपासावी, यांविषयी जवळजवळ मौन धारण करतो. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 204 मध्ये हे मौन अधिक स्पष्ट होते. तेथे प्रयोगशाळा-परीक्षा म्हणजे केंद्र अथवा राज्य शासनाने स्थापन केलेल्या, चालविलेल्या अथवा मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत केलेले रक्ताचे विश्लेषण, अशी व्याख्या आहे. स्थापन करणे, चालविणे आणि मान्यता देणे या तिन्ही क्रिया शासनाच्या आहेत. परंतु मान्यता कोणत्या कसोटीवर द्यावी, याचा एक शब्दही या व्याख्येत नाही. प्रयोगशाळा शासनाची आहे, यातच तिच्या विश्वासार्हतेचे प्रमाण आहे असे येथे गृहीत धरलेले दिसते.

हे गृहीतक शास्त्राच्या कसोटीवर टिकते काय? पूर्वी रक्तातील मद्यार्क मोजण्याची रूढ रीत डायक्रोमेटची होती. स्वीडनमधील विडमार्क यांनी 1922 मध्ये तिचे सूक्ष्म रूप सिद्ध केले. मद्यार्काची वाफ डायक्रोमेटच्या द्रावणात शोषली जाते, त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि उरलेल्या डायक्रोमेटवरून मद्यार्काचे प्रमाण काढले जाते. या रीतीचा मर्मस्थानी असलेला दोष असा की ती केवळ इथिल मद्यार्काशी निष्ठा राखीत नाही. मिथिल मद्यार्कासारखा दुसरा ऑक्सिडीकरणक्षम बाष्पशील पदार्थही तोच परिणाम घडवितो. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथिल मद्यार्काने शंभरांहून अधिक माणसे दगावली, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भेद पुस्तकी नाही हे पटेल. वायू-वर्णलेखनाच्या आधुनिक रीतीत हे घटक पृथक् होतात आणि प्रत्येकाचे प्रमाण निराळे मिळते. आकडा एकच असला तरी तो कोणत्या रीतीने मिळाला यावर त्याचा अर्थ अवलंबून आहे. आणि रीत कोणती असावी याविषयी वरील व्याख्या काहीच बोलत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापातील अनिश्चिततेचा. कोणतेही मोजमाप निखळ नसते. समजा, एखाद्या प्रयोगशाळेच्या मोजमापात दोन्ही बाजूंना 3 मिलिग्रॅमची अनिश्चितता आहे आणि आकडा 100 मिलिलिटरमागे 31 मिलिग्रॅम आला. मोटार वाहन अधिनियमाची मर्यादा 1994 च्या दुरुस्तीपासून 30 मिलिग्रॅम आहे. मग खरे प्रमाण 28 ते 34 यांमध्ये कोठेही असू शकते, आणि त्या टप्प्यातील काही भाग निर्दोषतेचा आहे. अहवालात नुसते '31' लिहिले म्हणजे न्यायाधीशाला ही शंका उपस्थित करण्याची संधीच मिळत नाही. शंकेचा फायदा आरोपीला द्यावा असे सांगणाऱ्या न्यायव्यवस्थेत शंकेचे मोजमापच अहवालातून वगळणे हा मोठा विसंवाद होय. शिवाय दोन कायद्यांच्या मर्यादाही भिन्न आहेत. 0.05 टक्के म्हणजे 100 मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम. 40 मिलिग्रॅमच्या रक्ताचा मनुष्य मोटार चालवीत असेल तर अपराधी ठरतो, पण दारूबंदीच्या गृहीतकात येत नाही. उद्देश निराळे असल्याने मर्यादा निराळ्या असाव्यात हे समर्थनीय आहे. परंतु मर्यादा जितकी खाली, तितकी मोजमापाची अचूकता अधिक हवी, हा त्याचा स्वाभाविक निष्कर्ष विधीने काढलेला नाही.

अमली पदार्थांच्या बाबतीत अडचण आणखी गहन होते. 1985 च्या अमली पदार्थविषयक अधिनियमाच्या व्याख्येत गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोरे अथवा फळधारी शेंडे होत; शेंड्यांविरहित पाने व बिया त्यातून वगळल्या आहेत. म्हणून केवळ पानांची भांग त्या अधिनियमाच्या बाहेर राहते आणि तिचे नियमन राज्याच्या विधीकडे जाते. परंतु मनुष्याच्या मूत्रात जे चयापचयद्रव्य सापडते ते गांज्यापासून आले की भांगेपासून, हे त्या द्रव्यावरून सांगता येत नाही. विधीने झाडाच्या अवयवांत भेद केला. शरीर तो भेद जाणत नाही. शिवाय हे द्रव्य नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात पुष्कळ दिवस राहते. ते सापडले म्हणून मनुष्य वाहन चालविताना नशेत होता, असे अनुमान निघत नाही. खसखस खाल्ल्यानेही मूत्रात मॉर्फीनचा अंश येऊ शकतो. प्राथमिक छाननीची परीक्षा आणि खात्रीची परीक्षा यांत भेद करणे म्हणूनच अगत्याचे आहे, आणि हा भेद प्रयोगशाळेच्या मर्जीवर न सोडता विधीने सक्तीचा करावयास हवा.

दुधाचा न्याय आणि रक्ताचा न्याय

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमात कलम 43 अन्वये अन्नप्रयोगशाळा अधिसूचित करावयाच्या त्या राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने अथवा अन्य अधिस्वीकृती संस्थेने अधिस्वीकृत केलेल्या असाव्यात असे म्हटले आहे. कलम 47 अन्वये नमुन्याचे चार भाग होतात: एक विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, आणि व्यापाऱ्याने मागणी केल्यास उरलेला भाग अधिस्वीकृत प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपील करून वरिष्ठ प्रयोगशाळेचा निर्णय मागण्याचीही सोय आहे.

आता फुलसावंगीच्या बाजारात दुधात पाणी घातल्याचा आळ आलेला गवळी आणि त्याच दिवशी दारू पिऊन वाहन चालविल्याचा आळ आलेला चालक यांची तुलना करावी. गवळ्याच्या दुधाचे चार भाग होतील. चालकाच्या रक्ताचा एकच. गवळ्यास दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जाता येईल. चालकास तो हक्क दारूबंदीच्या विधीने दिलेला नाही. दुधाची परीक्षा अधिस्वीकृत ठिकाणी व्हावी हा विधीचा आग्रह आहे. रक्ताच्या परीक्षेबाबत तसा आग्रह नाही. एखाद्या न्यायसहायक प्रयोगशाळेने स्वेच्छेने अधिस्वीकृती मिळविली असेल तर ती अभिनंदनास पात्र आहे. परंतु स्वेच्छा आणि विधी या भिन्न गोष्टी होत. ज्या परीक्षेने मनुष्य तुरुंगात जातो, तिच्याविषयी विधी दुधाच्या परीक्षेहून अधिक बेफिकीर असावा, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल, हे प्रस्तुत लेखकास उमगलेले नाही.

अन्य देशांचा दाखला घेतला तर इंग्लंडमध्ये रक्ताचा नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करून मागणीप्रमाणे एक भाग आरोपीस देण्याची तरतूद आहे. हा काही आरोपीवरचा अनुग्रह नव्हे. दुसरा नमुना सत्याचीच राखण करतो. 2024 च्या मे महिन्यात पुणे येथे घडलेल्या मोटार अपघाताचे प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. एका शासकीय रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलण्यात आला असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. तो आरोप न्यायालयात सिद्ध होईल अथवा न होईल, पण संशयाला आधार मिळाला तो अन्यत्र घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यामुळे व त्याच्या जनुकीय परीक्षेमुळे. दुसरा नमुना नसता, तर पहिल्या कुपीचा आकडाच अखेरचा ठरला असता. तेव्हा दुसरा नमुना आरोपीला सोडविण्याचे साधन आहे, ही समजूत एकांगी होय. तो मृतांच्या बाजूनेही बोलतो.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा संभवतो की शासकीय परीक्षकाला आरोपीविषयी ना आकस ना आपुलकी. त्याच्या कार्यावर विश्वास ठेवणे हेच योग्य. व्यक्तीच्या सचोटीविषयी हे बहुधा खरे आहे. परंतु नियमनाचा हेतू सचोटीवर संशय घेणे हा नसून सचोटीला साक्षीदार देणे हा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये शासकीय औषधी प्रयोगशाळेतील एका रसायनज्ञाचा अप्रामाणिकपणा उघडकीस आला, आणि 2017 मध्ये 21,000 हून अधिक प्रकरणांतील अभियोग रद्द करावे लागले. इंग्लंडमध्ये 2017 साली मँचेस्टर येथील एका खाजगी विषपरीक्षा प्रयोगशाळेतील गुणवत्ता-नियंत्रणाच्या आकड्यांविषयी संशय निर्माण होऊन सुमारे 10,500 नमुन्यांच्या फेरतपासणीचा प्रश्न उभा राहिला. ध्यानी घ्यावयाचे ते असे की ही दुसरी प्रयोगशाळा अधिस्वीकृत होती. म्हणजे अधिस्वीकृती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. इंग्लंडने त्यातून बोध घेतला. 2021 च्या अधिनियमाने न्यायसहायक विज्ञानाच्या नियामकाला वैधानिक अधिकार मिळाले आणि त्याची आचारसंहिता 2023 च्या ऑक्टोबरपासून अमलात आली. आपल्याकडील न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालनालय राज्याच्या गृह विभागाखाली आहे. ज्या विभागाखाली पोलीस आहेत त्याच विभागाखाली परीक्षक असणे हे तत्त्वतः इष्ट नाही, मग प्रत्यक्षात हस्तक्षेप होवो वा न होवो.

याच संदर्भात पुराव्याच्या विधीतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. 1898 च्या दंडप्रक्रियेच्या कलम 510 मध्ये 1955 च्या दुरुस्तीनंतर, तसेच 1959 च्या 129-ब कलमात, अशी तरतूद होती की कोणत्याही पक्षाने अर्ज केल्यास न्यायालयाने परीक्षकास साक्षीसाठी बोलाविलेच पाहिजे. 1973 च्या दंडप्रक्रिया संहितेच्या कलम 293 मध्ये हे बंधन नाहीसे झाले आणि 'न्यायालयास योग्य वाटल्यास' एवढेच शब्द उरले. 2024 च्या जुलैपासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 ने तीच रचना पुढे चालविली. परीक्षकांचा वेळ वाचावा हा हेतू समजण्याजोगा आहे. पण ज्या प्रयोगशाळेची मान्यता निकषाविना आहे, ज्या नमुन्याचा दुसरा भाग नाही आणि ज्या अहवालात अनिश्चितता नोंदलेली नाही, तेथे उलटतपासणी हा एकच उपाय उरतो; आणि तोही हक्क न राहता कृपा झाला. दारूबंदीच्या प्रांतिक कायद्याने जे औदार्य दाखविले ते सर्वसाधारण संहितेने गमावले, ही विधीच्या इतिहासातील खेदाची बाब होय.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रयोगशाळांवर कामाचा बोजा आहे. आणखी नियम घातले तर विलंब वाढेल आणि अपराधी सुटतील. या आक्षेपात तथ्य आहे. 1971 च्या बच्चूभाई करियानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वास, अडखळती चाल व असंबद्ध बोलणे यांवरून मद्यसेवन सिद्ध मानण्यास नकार दिला. रक्त विश्लेषणास धाडले होते, पण त्याचा अहवाल न्यायालयापुढे आलाच नव्हता. अहवाल न येणे हे आरोपीच्या पथ्यावर पडते आणि पीडिताच्या मुळावर येते. परंतु यावरून निघणारा निष्कर्ष नियम कमी करण्याचा नसून प्रयोगशाळा वाढविण्याचा आहे. थाना सिंग खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना प्रयोगशाळांच्या उभारणीविषयी निर्देश दिले, त्याच वेळी फेरतपासणी हा सर्वसाधारण हक्क नसून अपवादात्मक परिस्थितीतच ती मिळेल असे सांगितले. पहिला निर्देश स्तुत्य होता. दुसरा मात्र पहिल्याची पूर्ती होईपर्यंत तरी थांबावयास हवा होता असे वाटते. कारण पहिली परीक्षा खात्रीची झाल्यावाचून दुसरीचे दार लोटणे हे क्रमाला सोडून आहे.

यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न केवळ दारूपुरता मर्यादित नाही, हे 2017 च्या हंगामाने दाखवून दिले. कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाची बाधा ओळखण्यास रक्तातील कोलिनेस्टरेजची परीक्षा उपयोगी पडते. कोणते विष अंगात भिनले हे वेळेवर न कळल्यास वैद्याला लक्षणांवरून अंधारात चाचपडत उपचार करावे लागतात, आणि पुढे नुकसानभरपाईचा वा जबाबदारीचा प्रश्न निघाला म्हणजे पुराव्याची उणीव गरिबालाच नडते. दारू प्यालेल्याच्या रक्तासाठी पिचकारीचा नियम करणाऱ्या शासनाने फवारणी करणाऱ्या मजुराच्या रक्तासाठीही तितकीच आस्था दाखवावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हे. विषपरीक्षेची प्रयोगशाळा ही केवळ दंडाची दासी नाही; ती आरोग्याचीही सेविका आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पाच गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मोटार वाहन अधिनियमातील व दारूबंदीच्या नियमांतील प्रयोगशाळेच्या मान्यतेला लिखित निकष असावेत आणि त्यांत आंतरराष्ट्रीय मानक 17025 प्रमाणे अधिस्वीकृती ही किमान अट असावी. दुसरी, रक्ताचा नमुना घेतानाच त्याच्या दोन कुप्या कराव्यात आणि दुसरी कुपी ठरावीक मुदतीपर्यंत शीतपेटीत राखून ठेवावी. तिसरी, अहवालात परीक्षेची रीत, नमुना मिळाल्याची व तपासल्याची तारीख, केलेल्या परीक्षांची संख्या आणि मोजमापाची अनिश्चितता नमूद करणे सक्तीचे असावे. चौथी, अर्ज केल्यास परीक्षकाची उलटतपासणी घेण्याचा हक्क सर्वसाधारण संहितेत पूर्ववत करावा; दूरदृश्य संवादाची सोय झाल्याने परीक्षकाच्या प्रवासाची सबब आता उरलेली नाही. पाचवी, या सर्वांवर देखरेख करणारी यंत्रणा गृह विभागाच्या बाहेर असावी.

यांपैकी दुसरी सुधारणा सर्वांत अल्पखर्चाची आहे. तिला नवे उपकरण लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आणखी एक कुपी, आणखी एक चिठ्ठी आणि आणखी एक मोहोर एवढेच लागते. सर्व सुधारणा एकदम होणे दुर्घट असेल, तर आरंभ येथून व्हावा.

1959 च्या नियमकर्त्याने कुपी हलवावी, हे लिहिण्याइतकी काळजी घेतली होती. त्याची ती काळजी खोटी नव्हती. ती अपुरी होती. मोटार अधिनियमाप्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत ज्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, अशा चालकाला घेऊन एखादा शिपाई रात्रीच्या वेळी फुलसावंगीहून दवाखान्याकडे निघतो, तेव्हा विधी त्या दोघांच्या पावलांवर पाळत ठेवतो. शिपाई, चालक आणि वैद्य या तिघांकडून जी शिस्त तो मागतो, तीच त्याने आतल्या परीक्षकाकडूनही मागितली, तर परत येणाऱ्या कागदावरील आकड्याला खरा अर्थ येईल, आणि त्या आकड्याने दोषी ठरलेला मनुष्यही त्याविरुद्ध तक्रार करू शकणार नाही.